ओल्या गोणपाटाचा वास

रविवार, १२ जानेवारी २०२५

मला कोकमाचं सरबत नीट पिता येत नाही, हे आज कळलं. वय सत्तावीस.

बाबांनी कपाटातून उंच देठाचा काचेचा पेला काढला. एक तृतीयांश भरला. पेला देठाला धरायचा, पोटाला नाही – हाताच्या उबेने वाइन बिघडते. (सरबत नाही बिघडत. पण ते असो.) "हळू फिरव. आता नाक घाल. काय वास येता?" कोकमाचा, म्हटलं. "आनी?" जिरं. "आनी?" गुळाचा थोडा. बाबांनी मान हलवली, जणू मी पहिल्या वर्गात पास झाले. स्वतः मात्र एक शब्द सांगितला नाही. मास्तरकी!

हे सगळं जितूकाकांमुळे. जितूकाका म्हणजे बाबांचे शाळेतले दोस्त, आता तारकर्लीला रिसॉर्टवाले. त्यांना रिसॉर्टमध्ये 'क्रूझसारखं' जेवण हवंय, वाइनसकट. म्हणून स्वतः क्रूझवर जाऊन बघणार, आणि जाणकार म्हणून बाबांना नेणार. बाबांनी एकोणतीस वर्षं परदेशी बोटींवर वाइन वाढली. घरी येऊन चार वर्षं झाली. चार वर्षं ओट्यावर बसून रस्त्यावरची माणसं मोजतायत. काकांचं मन भरलं तर डायनिंग हॉल बाबांच्या ताब्यात – "गुरु, मगे तो हॉल तुझो." बाबांनी हे वाक्य आईला माझ्यासमोर तीनदा सांगितलं.

आईला किल्ल्यावर नेणाऱ्या होडीतसुद्धा चक्कर येते. म्हणून तिच्या जागी मी. मी दोडामार्गला राहून ज्या काजू कारखान्यात काम करते, तिथून चार दिवसांची रजा. तिथे कोणी कारण विचारलं नाही, बरं झालं. काय सांगणार होते? वाइन प्यायला चाललेय – दुसऱ्याच्या पैशाने, तिसऱ्याच्या नोकरीसाठी.

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. बाबांचा फोन. तिळगूळ वगैरे काही नाही – "बूच हुंगूचा नाय, फक्त बघूचा" एवढंच सांगायला!

शनिवार, १८ जानेवारी

घरी पोचले तर फाटकापाशीच करपल्याचा वास. आई विहिरीवर. तव्यावर बांगड्यांचा कोळसा. आणि बाबा शेगडीपासून चार हातांवर उभे राहून काळ्या जॅकेटला इस्त्री करतायत! गॅस मी बंद केला. "अरे, करपले काय?" म्हणाले. नोकरीची एवढी ओढ मी कधी पाहिली नाही. हुजरेगिरीची सवय सुटत नाही हेच खरं.

जॅकेटच्या खिशात पितळी बूचकाढणी. घासून चकचकीत केलेली.

गावात बाबांच्या नाकाची दंतकथा आहे. गुरुदास रस्त्यावर उभा राहून कुणाच्या कालवणात कुठला मासा ते सांगतो, म्हणे. दंतकथेतलं निम्मं खोटं असतं. निम्मं खरं – मी आठवीत असताना ते सुट्टीवर आले, माझं दप्तर लांबूनच हुंगून म्हणाले, "ह्येच्यात कैरी कुसली." कुसली होती. माझं नाक त्यांचंच, असं आई म्हणते. मी कारखान्यात काजू हुंगून त्यावर अजून पगार घेते, एवढाच फरक.

सोमवार, २० जानेवारी. बोटीवर.

मालवणच्या माणसाने दहा तास गाडीतून मुंबईला जायचं, तिथून गोव्याच्या बोटीत बसायचं, आणि वाटेत स्वतःचं गाव लांबून मागे टाकायचं. याला सहल म्हणतात. तळेऱ्याला चहा झाला तेव्हा मी हे बोलून दाखवलं. जितूकाका हसले. रश्मीकाकू – त्यांच्या पत्नी, मूळच्या दादरच्या – हसल्या नाहीत. "तुझ्या चेहऱ्यावरून काही कळतच नाही गं. चिडलीयस की गंमत करतेयस?"

बोटीवर चढताना तपासणी. काकांच्या बॅगेत टॉवेलात गुंडाळलेली वाइनची बाटली सापडली. नियम साधा: बाहेरची बाटली टेबलावर उघडायची तर दीड हजार रुपये, नाहीतर उतरताना परत. काका भडकले. "माझी बाटली, माझो घसो, आणि भाडा तुमका?" तपासणीवाला मणिपूरचा होता, त्याने हसून पावती दिली.

बाबा मध्ये पडले नाहीत. जॅकेट सांभाळत उभे.

मंगळवार, २१ जानेवारी

आज मेनूकार्डाचा अभ्यास केला. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

मालवणात साडेनऊशेला मिळणारी नाशिकची लाल वाइन इथे अडतीसशे. चौपट. वर अठरा टक्के सेवाशुल्क, त्यावर कर. ग्लासने घेतली तर नऊशे. बाटलीत पाच ग्लास, म्हणजे साडेचार हजार. म्हणजे बाटली सातशेने स्वस्त – संपवली तर. न संपवली तर केबिनचा नंबर लिहून ठेवतात, दुसऱ्या दिवशी तीच आणून देतात. उत्तम सोय. काकांनी अर्धी बाटली सोडली. "उष्टी बाटली उद्या कोण पितलो?" एकोणीसशे रुपयांचा सोवळेपणा!

सेवाशुल्क बिलातच असतं हे मी सांगितलं. तरी त्यांनी वाढप्याच्या खिशात पाचशेची नोट कोंबली, सगळ्या टेबलांना दिसेल अशी.

वाढप्या म्हणजे सुदेश, आरोंद्याचा, चाळिशीचा माणूस. बाबांचं नाव ऐकल्यावर बाटली खाली ठेवून नमस्कार केला. "काका, तुमचा नाव माका आमच्या मुख्य स्टुअर्डान सांगितलेला." बाबांचा चेहरा असा उजळला की मी खिडकीबाहेर बघितलं.

जितूकाका बाबांना शेजारच्या टेबलावरच्या गुजराती कुटुंबाला दाखवतात. "आमचा गुरु! डोळे बांधा, वाइन कुठल्या सनाची ते सांगेल." बाबा नुसते हसतात. मत विचारलं की म्हणतात, "तू सांग आधी." काका म्हणाले फळांचा वास. बाबा: "बरोबर. फळांचोच." काकू म्हणाल्या जरा आंबट. बाबा: "हां, आंबटच." एकोणतीस वर्षं करून हेच शिकले – गिऱ्हाईक जे म्हणेल ते!

कारखान्यात तपासणीच्या पॅनेलवर आम्ही पाच जण काजूचा वास घेतो. एकामागून एक, तोच नमुना. पहिला नियम: चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही, नाहीतर पुढचा माणूस तुमचं मत हुंगतो, काजू नाही. त्यात मी सगळ्यांत पक्की आहे. आज दोनदा बाबा पेला हातात धरून माझ्याकडे बघत बसले. मी तोच चेहरा केला. त्यांचं मत त्यांना स्वतःलाच बनवू दे – एकदा तरी.

बुधवार, २२ जानेवारी

झालं ते क्रमाने लिहिते.

शेवटचं जेवण, सगळे नटून. काकांनी साडेचौदा हजारांची फ्रेंच लाल मागवली. मग खुर्चीत मागे रेलून म्हणाले, "आज गुरु बघतलो. ह्याच काम आसा, मेल्या, तारकर्लेक." म्हणजे परीक्षाच. बाबांनाही ते कळलं. नॅपकिन सरळ केला.

सुदेशने लेबल दाखवलं. बूच काढून बशीत ठेवलं. घोटभर ओतली.

हा घोट आवड-नावड सांगण्यासाठी नसतो. वाइन खराब आहे का, एवढंच बघायचं असतं. खराब असेल तर बाटली बिनतक्रार परत जाते, पैसे पडत नाहीत. हे मला कोकमाच्या सरबतावर बाबांनीच शिकवलं.

बाबांनी पेला फिरवला. मी त्यांच्या शेजारी. पेला माझ्यापासून चाळीस सेंटिमीटरवर. आणि मला वास आला – ओल्या गोणपाटाचा. शंकाच नाही. बुचातल्या बुरशीने येतो. काजूच्या पोत्यांतही तोच येतो, त्यावरून मी महिन्याला दोन-तीन लॉट परत पाठवते. तो वास मी झोपेतही ओळखेन.

बाबांनी नाक पेल्यात घातलं. बराच वेळ. मग माझ्याकडे बघितलं. मी पॅनेलचा चेहरा केला. मग सुदेशकडे, मग काकांकडे.

"उत्तम," म्हणाले. "ओता."

सुदेशने ओतली. सगळे प्यायले. काकूंना त्यात "मातीचा सुगंध" आला. काका म्हणाले, "बघ! पैसे मोजले की कळता."

मी पेला खाली ठेवला. म्हटलं, "ही बाटली खराब आहे."

काका हसले. "गो बाये, तुझ्या बापाशीन तीस वर्सां ह्याच केल्यान."

म्हटलं, एकोणतीस. आणि बुचाचा वास घेऊन बघा.

सुदेशने बूच उचलून हुंगलं. त्याचा चेहरा पडला. "मॅडम बरोबर सांगतायत, सर. माफ करा." पेले उचलले, दुसरी बाटली आली, बिल वाढलं नाही. सगळं शास्त्राप्रमाणे.

काका बाबांकडे बघत राहिले. हळूच विचारलं – आणि शेजारच्या टेबलाला नेमकं हेच ऐकू गेलं – "गुरु, तुका कळलाच नाय?"

बाबांनी नॅपकिनची घडी घातली. पुन्हा उलगडली. पुन्हा घातली.

मी बरोबर होते. त्यांना कळलं होतंच. त्या नाकाला न कळणं शक्य नाही. दोस्ताचा मान राहावा म्हणून, साहेबाचं तोंड वाकडं होऊ नये म्हणून, कुजक्याला उत्तम म्हणाले. मला चीड आली ती वाइनची नाही. माणूस बोटीवरून उतरतो, पण ट्रे हातातून उतरत नाही.

गुरुवार, २३ जानेवारी

दहा तास गाडी. बाबा मागे, माझ्या शेजारी. तळेऱ्याला चहालासुद्धा थांबलो नाही.

रविवार, २६ जानेवारी

काकांचा फोन आला, बाबांना नाही, आईला. "गोयचो एक मनीस ठेवलंय, वैनी. गुरु येवन बसांदे, च्या पियांदे, आपलोच आसा." आईने फोन ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. "बापाशीक लोकांत असा बोलतत?"

म्हटलं, वाइन खराब होती.

"वाइन गेली खड्ड्यात!"

आईला पद्धत समजावून सांगण्यात अर्थ नव्हता. खराब मालाला खराब न म्हणणारा माणूस त्या जागेवर नकोच. आमच्याकडे असा तपासनीस एक दिवस टिकणार नाही. जितूकाका मूर्ख आहेत, पण हा निर्णय योग्य.

बाबा ओट्यावर. काळं जॅकेट पुन्हा कपाटात, कापडी पिशवीत. मी निघाले तेव्हा फाटकापर्यंत आले, नेहमीसारखे. "सावकाश जा." मी हो म्हटलं. एसटीत बसल्यावर वाटलं, बाबा माझ्यावर ओरडायला हवे होते. ओरडले असते तर उत्तर देता आलं असतं.

एक गोष्ट जमत नाही. खोटं बोलायचं तर माणूस पेल्यात नाक इतका वेळ कशाला घालेल?

शनिवार, १ फेब्रुवारी

कारखान्यातून दोन पुड्या आणल्या. एक चांगल्या काजूची, एक परत पाठवलेल्या लॉटमधली – गोणपाट, अगदी तोच वास. आई बाजारात. पाहुणे नाहीत, दोस्त नाही, खूश करायला कोणी नाही. आज यांना खराबला खराब म्हणायला लावायचंच, असं ठरवून आले होते.

दोन वाट्या पुढे ठेवल्या. म्हटलं, यातली कुठली खराब?

बाबांनी एक हुंगली. दुसरी हुंगली. मग वाट्या तशाच हातात धरून माझ्याकडे बघायला लागले. मी सवयीने चेहरा कोरा केला.

त्यांनी चांगली वाटी पुढे सरकवली. "ही."

माझा चेहरा कोरा राहिला नसावा. त्यांनाच कळलं. वाट्या खाली ठेवल्या.

"माका वास येणा नाय गो. दोन वर्सां झाली, त्या तापातसून उठलंय तेवापासून. आवशीक सांगा नको."

मग एवढे दिवस? बोटीवर?

"लोकांची तोंडां बघान सांगतंय. पिणाऱ्याच्या तोंडार सगळा लिवलेला असता." वाटीतला एक काजू उचलून त्यांनी परत ठेवला. "त्या दिसा तुझ्याकडेच बघलंय. तुझा नाक म्हणजे माझाच. पण थंय कायच लिवलेला नाय होता."