डावीकडचा पाट

इच्छापूर,
ता. २८ जानेवारी १९४९

ती. वन्संना निर्मलाचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

मला इथे माहेरी कोणी अडवून ठेवलेलं नाही. मीच येत नाही. धूलकोटच्या रस्त्यावर बैलगाडी उलटून तुमच्या भावाच्या डोक्याला मार बसला, तेव्हापासून पाच महिने मी त्यांचं सगळं केलं. जेवताना त्यांच्या डाव्या हाताला पाट घेऊन वारा घालत बसायचे. त्यांनी एकदाही मान वळवली नाही. डावीकडे वाढलेली माझी चटणी-कोशिंबीर रोज तशीच राहायची. उजवीकडची तुमची भाजी मात्र चाटूनपुसून. त्यावर तुम्ही शेजारच्या भागाबाईंपुढे हसत म्हणालात की, वामनला हिच्या हातचं नकोच असतं. ते मला फार लागलं.

आपली,
निर्मला

बऱ्हाणपूर,
ता. २ मार्च १९४९

चि. सौ. निर्मलास अनेक आशीर्वाद. वि. वि.

आधी माझा कान धर, मग पुढे वाच. वामन मुलांच्या वह्या अर्ध्याच तपासतो म्हणून शाळेने त्याला घरी बसवलं. माझ्या वसंताने त्याला इंदूरला मोठ्या इस्पितळात नेलं. होळकरांचं राज्य विलीन झालं, इस्पितळ आहे जागेवर. डॉक्टर म्हणाले, डोळे धड आहेत, इजा मेंदूला आहे. दोन्ही डोळ्यांना डावीकडचं दिसत नाही, आणि दिसत नाही हे त्याचं त्यालाही कळत नाही. ताटातली चटणी काय, शेजारी बसलेली तू काय! मी मेली माझ्या भाजीच्या तोऱ्यात.

आता पुस्तकाच्या पानाच्या डाव्या कडेला तांबडा दोरा चिकटवतो. तो दिसेपर्यंत मान वळवायची, मग ओळ वाचायची. कोणीतरी डावीकडे बसून त्याला सारखं वळायला लावायला हवं. गेलेली नजर येणार नाही, पण सवय झाली तर शाळा परत घेईल. माझी कंबर साथ देत नाही. राग सोड आणि ये.

तुझी चुकलेली,
विमल

इच्छापूर,
ता. ११ मार्च १९४९

ती. वन्संना शि. सा. नमस्कार. वि. वि.

पत्र वाचून खूप रडले. तुमच्यावरचा राग गेला. दोरा सुटू नये म्हणून चिकटवायची खळ जरा दाट करा.

पण वन्सं, त्या पाटावर मी मुकी बसत नव्हते. डोकं दुखतं का, आणखी वाढू का, रोज विचारायचे. ते ‘हं’ म्हणायचे, म्हणजे ऐकू येत होतं. निघताना मी त्यांना तीनदा सांगितलं, "मी जाते." तेव्हाही ‘हं’च.

तुमच्या पत्रात दोरा आहे, शाळा आहे, तुमची कंबर आहे. त्यांनी माझं नाव काढल्याचं कुठे नाही. काढलं असतं तर तुम्ही सगळ्यात आधी तेच लिहिलं असतं.

मी येणार नाही. तुमची माया मात्र तोडू नका.

निर्मला