हिच्या बॉलमध्ये माझा अंगठा

४ फेब्रुवारी, बुधवार

अडकला! हिच्या बॉलमध्ये माझा अंगठा अडकला, तोही बोलिंगच्या हॉलमध्ये, ऐन पिनांवर फेकताना. बॉल सुटायच्या ऐवजी त्याच्यामागून मीच फरफटत रेषेपलीकडे. शेजारच्या लेनवरच्या कॉलेजच्या पोरी फिदीफिदी हसल्या. हसू देत. अंगठ्याचं सालपट निघालं त्याचं काय?

हर्नियाच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी दटावलंय – जड उचलायचं नाही. माझा बॉल म्हणजे धोंडाच. हिचा हलका. गेल्या वर्षी हिला अर्धांगाचा झटका आला तेव्हापासून तो कपाटात पडून होता. उजवा हात मांडीवर ठेवला तर तिथेच राहतो, बॉल कसला उचलणार? मी न विचारता नेला नाही. विचारलं होतं. "न्या," म्हणाली. एवढंच. हल्ली हिला एकेक शब्द शोधून आणावा लागतो, म्हणून मीही पुढे काही विचारलं नाही.

५ फेब्रुवारी

अंगठ्याची पट्टी हिने पाहिली. हसली बहुतेक. ओठांचा एकच कोपरा हलतो, नक्की कळत नाही.

८ फेब्रुवारी, रविवार

अंगठा दुखतोय, काही सुचत नाही. जुनं आठवत बसलो.

ही मला पहिल्यांदा दिसली ती याच हॉलमध्ये. भाड्याच्या बॉलमध्ये हिचा अंगठा अडकलेला! मैत्रिणी ओढतायत, ही किंचाळतेय. मी कॅन्टीनमध्ये पळालो, भांडी घासायचं साबणाचं पाणी वाटीभर आणलं. अंगठा सुटला आणि बॉल थेट माझ्या पायावर. "लागलं का हो?" छे, मुळीच नाही, म्हणालो. घरी येऊन बघतो तर नख काळंनिळं!

लग्नानंतर घरात मिक्सर यायच्या आधी बॉल आला. हॉलच्या मागे बॉलना भोकं पाडून देणाऱ्याचं दुकान आहे. त्याला सगळे गिरमिट म्हणतात – धंद्यामुळेही आणि डोकं खातो म्हणूनही. पण हिने त्याचंच डोकं खाल्लं. "जरा घट्ट आहे." "आता सैल झालं." "बसतोय, पण बाहेर येताना चावतो हो!" बिचारा कधी आतून पॉलिश पेपर मारतोय, कधी चिकटपट्टी लावतोय. शेवटी वैतागला. "बाई, शाळेत पोरांनाही असंच छळता का?" ही भूगोल शिकवायची. म्हणाली, "याहून जास्त."

मग एकदाचा बसला. डोळे मिटून अंगठा आत हळूच फिरवून बघितला तिने. "अहो, असं वाटतंय की बॉलनेच माझा हात धरलाय."

माझा पंजा आईवर गेलाय, लहान. त्यामुळे हिच्या बॉलची बाकी दोन भोकं मला चपखल बसतात. घोडं अडतं अंगठ्यापाशी. जन्मभर चष्म्याच्या काचा घासून तो जाड झालाय. ही म्हणायची, "बायकी पंजा आणि हमालाचा अंगठा!" केवढ्याने म्हणायची. माझ्या दुकानातली गिऱ्हाइकं वळून बघायची.

११ फेब्रुवारी

गिरमिटकडे गेलो. म्हातारा झालाय. दुकानात तोच जळक्या प्लॅस्टिकचा वास. बॉल हातात घेतला, अंगठ्याच्या भोकाच्या कडेवरून बोट फिरवलं. "बाईंचा." मी मान हलवली. बाईंचं कसं आहे ते त्याला ठाऊक होतं, उगाच उकरत बसला नाही.

"थोडं मोठं करतो. आत्ता होईल." बॉल शिकंज्यात आवळला, मशीन चालू केलं. घर्र आवाज झाला आणि मी ओरडलो, "थांब!"

"काय झालं?"

पुढच्या आठवड्यात येतो, म्हटलं आणि बॉल काखोटीला मारून निघालो.

त्या भोकात हिच्या अंगठ्याचा आकार आहे. धडधाकट होती तेव्हाच्या अंगठ्याचा. कडेला नख घासून गुळगुळीत झालंय ते मला बोटाला लागतं. ते खरवडून टाकायचं? मला नाही जमत. मूर्खपणा म्हणा हवं तर.

१४ फेब्रुवारी

लेकीचा फोन. तिला सगळं सांगितलं. वाटलं, ती तरी समजून घेईल. कसलं काय! "बाबा, आई आहे अजून. तुम्ही आत्तापासून तिचं स्मारक काय करताय?"

झोंबलं. फोन ठेवला तरी कानात घुमतंय.

१६ फेब्रुवारी

व्यायाम घेणाऱ्या बाई आल्या होत्या. हिने हात पुढे केलाच नाही. "नको. कशाला?" बाई पुष्कळ विनवण्या करून गेल्या. मी चहा केला, तोही हिने तसाच ठेवला. खिडकीकडे तोंड.

घरातली दोघंही एकेका अंगठ्यापायी अडून बसलोत.

१८ फेब्रुवारी, बुधवार

गिरमिटने डोक्याला हात मारला. "अहो, आत नळी असते! अंगठ्याची नळी वेगळी. ती काढतो, तुमच्या मापाची दुसरी बसवतो. जुनी घरी न्या, पूजा करा तिची!"

"मग गेल्या वेळी बोलला का नाहीस?"

"तुम्ही थांबलात कुठे? चोरासारखे पळालात."

ठोकून नळी बाहेर काढली आणि माझ्या तळहातावर ठेवली. बोटभर प्लॅस्टिक. एवढ्यासाठी मी आठवडाभर झोपलो नव्हतो!

मग माझी पाळी. बसव, फेक, परत ये. घट्ट. घास. सैल. पट्टी लाव. "आवळू नका हो! अंगठा आत नुसता ठेवा, तो आपसूक सुटतो." शेवटी कड जरा गोल केली आणि – आहा! ना चावणं, ना निसटणं. बॉल हातातून कधी गेला कळलंच नाही. लागोपाठ दोनदा सगळ्या पिना आडव्या!

"बघितलंस?" म्हणून सवयीने मागे वळलो. बाकावर कुणाची तरी सॅक.

१९ फेब्रुवारी

नळी हिच्यापुढे ठेवली. सगळं सांगून टाकलं – मशीन बंद करायला लावलं तेही, लेक काय बोलली तेही. हिने नळी उचलली, उजेडात धरून बघितली. खूप वेळ.

"किती... पडल्या?"

"सगळ्या! लागोपाठ दोनदा!"

"थापा."

"अगं, गिरमिटला विचार!"

"तोही... थापाड्या."

आणि हसली. आवाज करून! मीही हसलो, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. वर्षभरात पहिल्यांदा.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळी चहा पिताना ही म्हणाली, "बॉल... माझा आहे."

वरमलो. बरं, म्हटलं, जागेवर ठेवतो. बॉल उचलून कपाट उघडलं.

"कपाटात नको. गिरमिटकडे... न्या." चहाचा कप बाजूला सारून तिने डावा हात माझ्यापुढे धरला, अंगठा ताठ. "याचं माप घ्या."