जाड तेल

प्रिय मने,

हे फोनवर बोलता आलं नसतं. तुझे बाबा समोरच बसलेले असतात आणि त्यांचे कान अजून शाबूत आहेत. बाकीचं काय काय शाबूत आहे, ते मला हल्ली रोज नव्याने कळतं. त्यांच्याकडून गाडीची किल्ली काढून घे, असं तू सारखं सांगतेस. तुझं खरं आहे. परवा घराचं वळण सोडून ते भलत्याच रस्त्याला लागले आणि मी शेजारी नुसती दार धरून बसले. पण ज्या माणसाने जन्मभर लोकांच्या गाड्या दुरुस्त केल्या, त्याला गाडी चालवू नका असं कोणत्या तोंडाने सांगू? रोज ठरवते, आणि चहा ठेवू का एवढंच विचारते.

त्यात गाडी गेले काही महिने ओढतच नव्हती. पुलाचा चढ आला की कुंथायची, पेट्रोल मात्र घटाघटा प्यायची. सकाळी सुरू केली की थोडा वेळ इंजिनातून खडखड यायची. हे आधी पंपवाल्यावर घसरले, पेट्रोलमध्ये भेसळ आहे म्हणाले. मग टायरांत हवा भरून आणली, एअर फिल्टर बदलला, मागच्या सीटवरच्या माझ्या पिशव्यांनाही बोल लावला. शेवटी हे अंघोळीला गेलेले बघून मी नटबोल्टला, बाबांच्या हाताखाली शिकलेल्या त्या पोराला, बोलावलं. तो आता बाबांचंच गॅरेज चालवतो, पोटही चांगलं सुटलंय. त्याने तेलाची पट्टी बाहेर काढली, तेल दोन बोटांत चोळलं आणि डिकी उघडली. आत जाड तेलाचा डबा होता. माझ्याकडे न बघता म्हणाला, काकू, काकांनी व्हॅनचं तेल घातलंय.

व्हॅन आठवते ना? तिच्यात मागे तुला पोत्यासारखं टाकायचो आणि तू घर येईपर्यंत झोपायचीस. तिचं इंजिन झिजलेलं, म्हणून बाबा त्यात जाड तेल घालायचे. त्याने खडखड दबायची. तू चौथीत असताना ती विकली, तेव्हा तू दोन दिवस जेवली नव्हतीस. आत्ताची गाडी वेगळी. हिच्या तेलाच्या वाटा अरुंद, हिला पातळ तेलच लागतं. जाड तेल थंडीत वर चढायला वेळ लावतं, तोवर लोखंडावर लोखंड घासतं, आणि इंजिनाची निम्मी ताकद ते तेल ढकलण्यात जाते. हे मला कुठून ठाऊक? तुझ्या बाबांनीच जेवताना सांगून सांगून माझं डोकं खाल्लंय. शेजारच्या मास्तरांनी एकदा मोठ्या कौतुकाने जाड तेल आणलं, जाड म्हणजे ताकदीचं असं समजून, तर यांनी भर रस्त्यात त्यांची हजेरी घेतली होती.

नटबोल्टने गुपचूप तेल बदललं. गाडी हलकी पळू लागली, पेट्रोलही पुरायला लागलं. हे खूश. म्हणाले, बघ, हवाच कमी होती. आणि आठवड्याभरात डिकीत जाड तेलाचा नवा डबा. मी आधी चिडले, चांगली भांडले. मग त्यांचा चेहरा बघितला. त्यांच्या लेखी अंगणात अजून व्हॅनच उभी होती आणि व्हॅनला ते तेल बरोबरच होतं. मी नळ सोडून मोरीत बसले आणि पोटभर रडून घेतलं.

काल दुपारी मात्र मनाचा हिय्या केला. आज किल्ली मागायचीच. मी दारात गेले तर हेच फडक्याला हात पुसत अंगणातून आले आणि किल्ली माझ्या तळहातावर ठेवली. म्हणाले, बाई, तुमची गाडी झाली. पातळ तेल घातलंय, जाडाच्या नादी लागू नका, वेळच्या वेळी बदला, पेट्रोल कमी जळेल. तेलाचं सगळं अगदी बरोबर सांगितलं, मने. मग गिऱ्हाइकासमोर उभे राहायचे तसे अदबीने बाजूला झाले, मी जायची वाट बघत. मी चपला घातल्या, बाहेर गेले आणि जी मला चालवता येत नाही त्या गाडीजवळ, ते आत जाईपर्यंत उन्हात उभी राहिले. तेव्हा आता किल्लीची काळजी करू नकोस, ती माझ्या कपाटात आहे. संध्याकाळी त्यांनी विचारलं, मनी शाळेतून आली का. म्हणजे तू अजून त्यांच्या घरात आहेस. एवढी मोठी होऊन समोर आलीस तर ओळखतील की नाही, सांगता येत नाही. तरी ये. मला एकटीला गिऱ्हाईक होऊन दाराबाहेर उभं राहवत नाही गं.

तुझीच,
आई