भिंतीतला आवाज

ऋषी भावजी,

हे पत्र तुमच्या हाती मी कधीच देणार नाही, तरी लिहितेय.

आजारात तुम्ही महिनोन् महिने म्हणायचात, ‘भिंतीतून वहिनीचा आवाज येतो. म्हणतो, हा मेला तर घर सुटंल.’ घोडेगावला डॉक्टरांपुढं तुम्ही ते बोलून दाखवलंत, तेव्हा तुमच्या तोंडून हुबेहूब माझा आवाज निघाला. शेवटचा उसासासुद्धा माझाच.

डॉक्टर म्हणाले, ‘मेंदूत नको ते आवाज दाबणाऱ्या पेशी असतात. यांच्या त्या कमजोर पडल्यात. असं कुणी बोललेलं नाही.’

तुम्ही माझ्याकडं वळलात. ‘वहिनी, खरंच नाय ना बोललात?’

‘नाय वो, भावजी.’

तेव्हापासून तुम्ही स्वतःच्या कानांवर विश्वास ठेवला नाहीत.

आजार खराच होता. पण ते वाक्य माझं होतं. आपल्या महाळुंग्याच्या घरी कांदे निवडताना शेजारणीजवळ मी एकदाच बोलले होते. भिंतीपलीकडं तुम्हाला झोप लागली असंल, असं मला वाटलं.

गोळ्यांनी आवाज थांबला. परवा चाकणला कामावर निघताना तुम्ही माझ्या पाया पडलात. ‘वहिनी, तुमच्यावर उगाच आळ घेतला. माफ करा.’

मी तुमच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, ‘असू द्या.’

तुमची,
शीलावहिनी