आधी आरसा

३ जानेवारी

ती. आजोबांस,
कृ. सा. न. वि. वि.

कॉलेजच्या निबंध स्पर्धेसाठी माझी निवड झाली आहे. विषय आहे, लोकांच्या भल्यासाठी एकाच्या स्वातंत्र्यावर गदा आणावी का. बाकीच्यांनी सिगारेट, लाउडस्पीकर असले हुकमी मुद्दे उचलले. मी मात्र सत्तरी ओलांडलेल्यांचं लायसन सरसकट काढून घ्यावं, असं ठणकावून लिहिलं आहे. निबंध सोबत आहे. शाळेपासून माझा प्रत्येक निबंध तुमच्या लाल पेन्सिलीखालून गेलाय, मग हाच कसा चुकवू?

दुसऱ्या परिच्छेदातले हट्टी वृद्ध गृहस्थ काल्पनिक आहेत, हे आधीच सांगून ठेवते. तुमच्याशी साम्य आढळलंच तर निव्वळ योगायोग समजावा. आमच्या बाई म्हणाल्या की निबंध धारदार झालाय. महिनाअखेरीस द्यायचा आहे, तोवर दुरुस्त्या कळवा. आजीच्या गुडघ्यांना व्यायामानं आराम पडतोय का?

लोभ असावा, निबंध वाचून झाल्यावरसुद्धा.
तुमची,
भिंगरी

९ जानेवारी

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

निबंध पोचला. तुझे काल्पनिक गृहस्थ जन्मभर लोकांना गाडी शिकवून निवृत्त झालेले, त्यांची गाडी निळी, तिला शेजारच्या सीटपुढेही एक ब्रेक, आणि वळताना ते शीळ घालतात. मी मोठ्यानं वाचत होतो. तुझी आजी म्हणाली, टोपीचा रंग तेवढा राहिला. हसून हसून खुर्चीतून पडायची बाकी होती. मला काही हसू आलं नाही.

आता लाल पेन्सिल. धार आहे, कबूल. पण कापलंस कोणाला? माझ्या बाजूनं तू इतकंच लिहिलंस, की म्हाताऱ्यांची सवय सुटत नाही आणि अहंकार आडवा येतो. हे म्हणजे बुजगावणं उभं करायचं आणि आपणच त्याला लोळवायचं. मी शिकाऊ पोरांना पहिल्या दिवशी काय सांगायचो, आठवतं? आधी आरसा, मग इंडिकेटर, मग वळण. निबंधातही आपल्या मागून कोण येतंय ते आधी बघावं, म्हणजे ज्याला आपलं पटत नाही तो माणूस. मग कुठे वळणार ते सांगावं. तू थेट स्टिअरिंगच फिरवलंस.

तेव्हा माझी बाजू अशी लिही, की तिच्याखाली मी आनंदानं सही करीन. मग हवी तर खोड. आजीचं व्यायामाचं केंद्र चढावर आहे आणि बस खालीच थांबते, एवढं विसरू नकोस. बाकी चावी मी कोणालाही देणार नाही. सत्तरी हा काय आजार आहे?

लोभ आहेच, पण सध्या जरा फुगून बसला आहे.
तुझे,
आजोबा

१७ जानेवारी

ती. आजोबांस,
कृ. सा. न. वि. वि.

तुमची बाजू लिहून पाहिली. पहिल्या तीन खेपा फाडल्या, कारण त्यांत मीच लपून बोलत होते. मग मी तुम्ही झाले. निम्म्या गावाला ज्यानं गाडी शिकवली, त्यानं आता फाटकाशी उभं राहून आपल्याच विद्यार्थ्यांना सोडता का म्हणून विचारायचं. बायकोला चढावर न्यायचं तर कोणाची तरी मर्जी सांभाळायची. चावी म्हणजे, कोणालाही न विचारता घराबाहेर पडता येणं. एवढं लिहिलं आणि मला रडू आलं. माझा सरसकट सत्तरीचा मुद्दा तिथेच ढासळला. तो अन्यायच आहे.

पण आजोबा, माझी बाजू उरतेच, आणि ती मी निबंधाच्या आडून सांगितली, हा भित्रेपणा झाला. आता सरळ सांगते. माझ्या कॉलेजच्या सुट्टीत मी गाडीत तुमच्या शेजारी बसले होते, तेव्हा शाळेजवळ ती दप्तरवाली मुलगी रस्ता ओलांडत होती. मी किंचाळले म्हणून तुम्ही ब्रेक दाबलात. मला ती केव्हाच दिसली होती, असं तुम्ही म्हणालात. तुम्हाला ती दिसली नव्हती. त्या दिवसापासून आजीचा फोन आला की तुम्ही घरी आहात ना, हेच मी आधी विचारते.

म्हणून नवा निबंध असा आहे. वय नको, परीक्षा हवी. सत्तरीनंतर दरवर्षी नीट परीक्षा व्हावी. जो उतरेल त्यानं खुशाल चालवावी. जो नापास होईल त्याची चावी घ्यावी, आणि ज्या समाजानं ती घेतली त्यानं त्याला चढावर पोचवण्याची सोयही करावी. तुमच्या बाजूचा परिच्छेद सोबत आहे. पटला तर सही करा.

लोभ असावा. नसला तर रागवा, पण गाडी जपून चालवा.
तुमची,
भिंगरी

२५ जानेवारी

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

परिच्छेद सही करून परत पाठवतो आहे. एकही दुरुस्ती नाही. आजीनं तो दोनदा वाचायला लावला, आणि दुसऱ्यांदा मीच मध्ये थांबलो.

मग म्हटलं, परीक्षेला मी कधीपासून घाबरायला लागलो? माझा एक जुना शिकाऊ, ज्याला मी घाबरट म्हणायचो, तो आता माझ्याच जुन्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी शिकवतो. रिव्हर्सला मी ज्याला दोनदा नापास केलं होतं, तोच. त्याला मैदानावर बोलावलं, रंगाचे रिकामे डबे मांडले आणि बजावलं, की दयामाया दाखवलीस तर याद राख. डब्यांमधून मी गाडी लोण्यासारखी मागे नेली. त्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. मग रस्त्यावर निघालो. आरसा पाहिला, इंडिकेटर दिला, वळलो, आणि गाडी जागच्या जागी थांबली. ब्रेक मी दाबला नव्हता. शेजारून घाबरटनं दाबला होता. समोरून एक सायकलवाली बाई निघून गेली. ती मला दिसली नव्हती, भिंगरी. त्या दिवशीची मुलगीही दिसली नव्हती.

तो ब्रेक मी जन्मभर दुसऱ्यांसाठी दाबला. माझ्यासाठी कोणी दाबावा लागेल, असं वाटलं नव्हतं. घाबरट आरसा पुसत बसला. शेवटी मीच त्याला म्हणालो, की नापास लिही.

तुझ्या पहिल्या निबंधाशी मी मरेपर्यंत भांडलो असतो, आणि वर चावी खिशात घालून फिरलो असतो. दुसऱ्यात माझी बाजू तूच एवढी छान मांडलीस, की भांडायला मला काही उरलं नाही. बक्षीस मिळो न मिळो, एक वाचक तू जिंकलास. वाईट वाटतंय, खोटं कशाला बोलू? काल दोनदा खिसा चाचपला. आजीला मंगळवारी घाबरटनं चढावर नेलं आणि पुढेही नेईन म्हणाला, पण रोज उठून त्याला सांगायला माझी जीभ रेटत नाही.

तेव्हा सुट्टी लागताच निघून ये. चावी खुंटीवर आहे. सायकल सोडून काही चालवता न येता लोकांच्या लायसनवर निबंध लिहिणं बरं नव्हे. आजी मागे बसेल, तू चालवशील आणि आपण चढावर जाऊ. मी तुझ्या शेजारी.

लोभ असावा. ब्रेक माझ्या पायाशी आहे.
तुझे,
आजोबा