लाल बाणांचं घर

५ नोव्हेंबर, शनिवार

आलो एकदाचे! खोकी आली, माणसं आली, भिंतीवरचं घड्याळही आलं. मुलं रडली नाहीत. एक टिपूस नाही! थोरला चौदाचा, त्याने निदान दार तरी आपटायला हवं होतं. धाकटी सातची, तिने जमिनीवर लोळण घ्यायला हवी होती. तर दोघं एका सुरात, "छान आहे घर."

छान? स्वयंपाकघराच्या खिडकीतून समोरच्यांची भिंत दिसते, नळाला सर्दी झाल्यासारखा आवाज येतो, आणि म्हणे छान! कुठेतरी पाणी मुरतंय.

सकाळी ही वही पिशवीत टाकत होते तर धाकटी येऊन उभी. "आई, तुझी वही पण येणार ना? ती तू रोज हातात घेतेस ना?" हो म्हटलं. तिने मोठ्या माणसासारखी मान हलवली. "दे, मी धरते." अख्ख्या प्रवासात मांडीवर घेऊन बसली होती. तेव्हा कौतुक वाटलं. आता वाटतंय, हिला माझ्या वहीचं एवढं काय?

६ नोव्हेंबर

नवरा नव्या बेकरीत पहिल्याच दिवशी पहाटे चारला गेला. जुन्या भट्टीवर सोळा वर्षं होता, तिथे सगळे त्याला उस्ताद म्हणायचे. इथे त्याला पोती उचलायला लावली. माझ्या बढतीपायी सोडलं त्याने सगळं. घरी येऊन म्हणाला, "पाव सगळीकडे सारखाच फुगतो." कुरकुर नाही, टोमणा नाही. हाही त्यांच्यात सामील दिसतो.

७ नोव्हेंबर, सोमवार

नवा कारखाना. काम तेच, खुर्ची मोठी. शर्ट घ्यायचा, उलटा करायचा, शिवण ओढून बघायची. जिथे खोट, तिथे लाल बाण चिकटवायचा. नखाएवढा कागदी बाण, टोक खोटीकडे. मग ज्या मशीनवरून तो शर्ट आला, तिकडेच परत. एकोणीस वर्षं हेच करतेय. आता मी मुख्य तपासनीस! हाताखाली अकरा मुली. सगळ्या गोड बोलतात. पहिल्याच दिवशी इतकं गोड बोलणारं माणूस मला पटत नाही.

९ नोव्हेंबर

धाकटीच्या शाळेत नव्या मुलांच्या आईबापांना बोलावलं होतं. समुपदेशक बाई. वय फार तर पंचविशी. "घर बदललं की मुलं आतल्या आत घाबरतात. जुन्या वस्तू लगेच टाकू नका. खोलीचा रंग त्यांना निवडू द्या. आणि वाईट वाटतंय का, हे सरळ विचारा." स्वतःला मूल नाही, बाळ नाही. उंटावरून शेळ्या हाकायला काय जातंय!

तरी जेवताना विचारलं. "वाईट वाटतंय का?"

"नाही," थोरला.

"नाही," धाकटी.

झाली तपासणी. माल पास.

१२ नोव्हेंबर, शनिवार

जेवणाच्या टेबलाच्या पायाला लाल बाण! आतल्या बाजूने, केर काढायला वाकले म्हणून दिसला. माझ्या पिशवीतून पडून चिकटला असेल म्हणून सोडून दिलं. मग वाटलं, पडलेला बाण असा सरळ कसा चिकटेल?

१३ नोव्हेंबर

आणखी तीन. घड्याळाच्या मागे, कपाटाच्या दाराच्या आत, आणि मोठ्या पातेल्याच्या बुडाला. पातेलं तर गॅसवर चढवलं होतं, कागद जळल्याचा वास आला तेव्हा कळलं!

पिशवीतलं बाणांचं पाकीट काढून बघितलं. नवं कोरं होतं, पार चपटं झालंय. नवऱ्याला दाखवलं. म्हणाला, "उंदीर असेल." उंदीर बाण चिकटवतो का? असं बोलतो आणि वर हसतो. शंकेला औषध नाही म्हणतात, पण याच्या हसण्यालाही नाही.

१६ नोव्हेंबर

लागला धागा! टेबलाचा तो पाय डुगडुगतो. घड्याळ पाच मिनिटं मागे पडतं. कपाटाचं दार करकरतं. म्हणजे माझ्या घरात कुणीतरी माझंच काम करतंय. खोट काढतंय! बोलायची हिंमत नाही, म्हणून बाण. "बघ, कसल्या घरात आणलंस."

पण पातेल्याचं काय? बूड सपाट, कडा गोल, पोचा नाही. पाणी भरून ठेवलं, गळत नाही. अर्धा तास ते पातेलं उलटंसुलटं करत बसले. धाकटी दारातून बघत होती. "आई, त्याला काय झालं?"

"तेच बघतेय."

"त्याला काहीच नाही झालेलं," असं म्हणून पळाली.

आणखी एक चमत्कार. इथे आल्यावर घेतलेल्या पडद्याची शिवण चांगली बोटभर वाकडी आहे, त्याला बाण नाही. नवी खाट बसलं की किंचाळते, तिलाही नाही. ज्याने कुणी ही तपासणी केलीय, त्याला माझ्या हाताखाली एक दिवस ठेवणार नाही.

१८ नोव्हेंबर, शुक्रवार

थोरल्याला धरलं. दुसरा कोण असणार? ह्या वयात आईबापाची प्रत्येक गोष्ट डोळ्यांत खुपते. मित्र सुटले, खेळाचा संघ सुटला, राग माझ्यावर निघतोय. म्हटलं, "बोलायचं असेल तर तोंडाने बोल. माझे बाण चोरायचे नाहीत."

"मी नाही चोरले."

"मग कोण? उंदीर?"

मी हट्टाला पेटले, त्याचं दप्तर पालथं केलं. पाकीट नाही. पण दप्तराच्या तळाला, बाहेरून, एक बाण! म्हटलं, "हे काय?" तो स्वतःच चकित झाल्यासारखा बघत राहिला. मग एकदम हसला, आणि लगेच डोळे भरले त्याचे. म्हणाला, "आई, तू कधी विचारत नाहीस. तू फक्त तपासतेस."

नाकाला मिरच्या झोंबल्या. विचारलं नव्हतं का मी? सरळ, जेवताना, सगळ्यांसमोर?

२० नोव्हेंबर, रविवार

दुपारी डोळा लागलाय असं दाखवून पडले होते. बाहेर दोघांची कुजबुज.

धाकटी : "आईला सांगू नकोस."

थोरला : "नाही सांगत. पण पातेल्याला नको लावायला हवा होतास, जळला तो."

"मग पातेलं राहील ना इथेच!"

म्हणजे धाकटी! सात वर्षांची! आणि भाऊ तिला पाठीशी घालतोय. आणि मी त्याचं दप्तर पालथं केलं. पण "इथेच राहील" म्हणजे काय?

उठून थोरल्याला गाठलं. चुकले म्हणाले — तोंडातल्या तोंडात, पण म्हणाले. त्याने खांदे उडवले. "सांग ना, काय चाललंय तिचं?" तर म्हणे, "वचन दिलंय मी. आणि तुला एवढं तपासता येतं ना, तर पहिला बाण कुठे आहे ते शोध. रोज तुझ्या हातात असतो."

पहिला तर टेबलाचा! की त्याच्याही आधी कुठला आहे? डबा बघितला, किल्ल्या बघितल्या, फोनचं कव्हर काढलं. काही नाही. हा पोरगा मला खेळवतोय.

२१ नोव्हेंबर

नवऱ्याच्या बुटांना बाण, दोन्ही टाचांना. धाकटीच्या गोधडीला बाण. तिच्या फ्रॉकच्या कॉलरच्या आत बाण, धुताना सापडला. माझं मात्र सगळं चाचपून झालं. चपला, शाल, कामाचा कोट. कुठेही नाही.

नवऱ्याला म्हटलं, "बघा! घरात बिनखोट मी एकटीच." तो म्हणाला, "एकोणीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी पास झालं." दोघंही खूप हसलो.

२४ नोव्हेंबर, गुरुवार

शाळेतून फोन. त्याच समुपदेशक बाई. हातातला शर्ट तसाच टाकून गेले.

धाकटी रोज कॉलरच्या आत बाण लावून वर्गात बसते. मैत्री करत नाही. कुणी खेळायला बोलावलं तर म्हणते, "नको, मी थोडेच दिवस आहे." बाईंनी विचारलं, हा बाण कशाला गं? तर म्हणाली, "बाण लावलेला माल परत जातो. जिथून आला तिथे. माझ्या आईचा नियम आहे."

मागच्या सुट्टीत मीच तिला कारखान्यात नेलं होतं. मांडीवर बसवून सांगितलं होतं — बाण लागला की परत, बाण नसला की खोक्यात, आणि खोकं गेलं की कायमचं गेलं. माझेच शब्द!

म्हणून पडद्याला बाण नाही. म्हणून खाटेला नाही. ती खोट काढतच नव्हती. जुन्या घरातली एकेक वस्तू परत जायला लावत होती. टेबल, घड्याळ, पातेलं, बाबा, दादा, स्वतः.

आणि मी नाही.

बाईंसमोर रडले. त्यांनी पाणी दिलं. काही शिकवलं नाही, बरं झालं.

२५ नोव्हेंबर

काल घरी आल्यावर धाकटीला जवळ घेतलं. तिनेच विचारलं, "आई, परत जायला किती दिवस लागतात?"

थाप मारता आली असती. जिभेवर आलीही होती. पण म्हटलं, "आपण परत नाही जाणार गं. तिथे आता दुसरे लोक राहतात."

"पण बाण लावलाय!"

म्हटलं, कारखान्यात बाण लावलेला शर्ट परत जातो, दुरुस्त होतो आणि पुन्हा पुढेच येतो. मला वाटलं, काय छान सुचलं! ती माझ्या अंगावर ओरडली, "मला नाही दुरुस्त व्हायचं! मी काही बिघडले नाहीये!"

खरंच की. सगळं नीट असलेल्या पोरीला उचलून आणलं मी. मग ती रडली. वीस दिवसांचं एकदम रडली. थोरला दारात उभा होता, त्याला आत ये म्हटलं. आला.

सगळं विचारलं तिला. एक सोडून. "मला का नाही लावलास?" हे नाही विचारता आलं. उत्तर काय येईल याची भीती वाटते. घर मी सोडायला लावलं. तिच्या हिशोबात मी इथलीच, पडद्यासारखी.

२७ नोव्हेंबर, रविवार

जुनं घर बघायला गेलो चौघं. बसने अडीच तास. बाईंनी सुचवलं होतं, मला पटलं नव्हतं. कशाला खपली काढायची? तरी गेलो.

खिडकीत दुसऱ्यांचे हिरवे पडदे. पायरीवर कुणाच्या तरी पोराची सायकल. धाकटीने फाटकाबाहेरून खूप वेळ बघितलं. "ते लोक आपल्याला आत राहू देतील?" नाही म्हटलं. "त्यांचं टेबल कुठे ठेवलं असेल?" आपलं होतं तिथेच असेल. "मग आपलं टेबल गेलं तरी मावणार नाही," म्हणाली आणि माझा हात धरला.

नवरा त्याच्या जुन्या भट्टीवर जाऊन आला. डोळे लाल. "पीठ गेलं डोळ्यांत," म्हणे. रविवारी बंद असते भट्टी!

परतताना बसमध्ये थोरला खिडकीकडे तोंड करून रडत होता. मी पाठीवर हात ठेवला. झटकला नाही त्याने. मी काही तपासलं नाही, नुसता हात ठेवला.

३० नोव्हेंबर

धाकटी आज जेवताना म्हणाली, "मला हे घर आवडत नाही. नळ घाण आवाज करतो." थोरला म्हणाला, "आणि खाट." नवरा म्हणाला, "आणि माझा मुकादम!" मी म्हटलं, "आणि त्या अकरा मुली." किती दिवसांनी घरात असा गलका झाला! धाकटीने वाकड्या पडद्याला बाण लावला. मी बघितलं आणि भात वाढत राहिले.

४ डिसेंबर, रविवार

वही संपली. हे शेवटचं पान. नवीन वहीला चढवावं म्हणून हिचं प्लॅस्टिकचं कव्हर काढलं. मागच्या पुठ्ठ्यावर, घडीच्या आत, लाल बाण. कव्हरला घासून घासून गुलाबी झालेला. शेजारी पेन्सिलने, धाकटीच्या अक्षरात — "आईला पण घेऊन". खाली तारीख, ५ नोव्हेंबर.

पहिला बाण माझा होता.

काढला नाही. काढणारही नाही. मलाही जायचंय परत. महिनाभर सगळ्यांवर संशय घेतला आणि हे एक, या वहीलासुद्धा, सांगितलं नव्हतं.