इंदूकाकूच्या एकवीस गाण्यांना नाव लावण्याबाबत

पांढरकवडा
१४ डिसेंबर २०१२

तीर्थस्वरूप सौ. विमलताईस,

जफरचा सलाम, आणि तू दोन वर्षांनी मोठी म्हणून वाकून नमस्कारही. दोन्हीपैकी जो नाशिकला आधी पोचेल तो ठेवून घे, दुसरा भाऊजींना दे. भाऊजींची शुगर कशी आहे? गूळ चालतो असं त्यांना कोणी सांगितलं असेल तर तो माणूस त्यांचा वैरी समजावा. इकडे आम्ही सर्व ठीक. मलिकाचा गुडघा जिना चढताना दुखतो, उतरताना नाही, म्हणून ती माहेरी (म्हणजे वणीला, तिथं घर तळमजल्यावर आहे) जायचं म्हणते. तुझी राखी पोचली होती. पाकिटात अक्षता होत्या, त्यातले चार दाणे कॉम्प्युटरच्या पंख्यात गेले, पण तो भाग पुढे येईल.

सुरुवातीलाच एक सांगून ठेवतो. हे पत्र फक्त कॉम्प्युटरबद्दल आहे. मारोतकाकांच्या तेरवीनंतर तू काकूला म्हणालीस, माय, नाशिकला चल. काकू म्हणाली, मी केळापूरचं आंगण सोडत नाही. तू म्हणालीस, मग मीपण इथं पाय ठेवत नाही. त्याला आता दोन वर्षं झाली. तुमच्या दोघींच्या मध्ये मी पडत नाही, कारण मध्ये पडणाऱ्याला दोन्हीकडून बसते हे मी लहानपणीच तुमच्या घरी शिकलो. तेव्हा निश्चिंत वाच.

तर झालं असं की यंदा कापसाच्या पऱ्हाटीवर लाल्या रोग आला, सगळी शेतं अवेळी तांबडी झाली, आणि बाजार असा थंड पडला की लोकांनी पोरींची लग्नं पुढच्या साली ढकलली. लग्न नाही तर साउंड नाही, साउंड नाही तर बिघडलेला साउंड नाही, आणि तो नाही तर मी काय करणार? म्हणून दुकानाचा माळा रिकामा करायला घेतला. अब्बांनी तिथं काय काय ठेवलं होतं ते सांगत बसलो तर दुसरा कागद लागेल. (तीन ग्रामोफोनचे कर्णे, त्यातल्या एकात मांजरीची जुनी बाळंतखोली.) पण अगदी तळाशी एक कॅसेट निघाली. वर अब्बांच्या अक्षरात लिहिलेलं: केळापूर, भुलाबाई, १९८३.

तुला आठवत असेल. अब्बांनी हैदराबादेहून टेपरेकॉर्डर आणला आणि कोजागिरीला पोरींची भुलाबाईची गाणी भरायला पहिला तुमच्या आंगणात नेला. तू दहाची, मी आठचा. माइक माझ्या हातात होता आणि त्याचा मला इतका गर्व चढला होता की मी तुझ्याशी बोलत नव्हतो. काकू मशीनसमोर गाईना. अब्बा गोठ्यामागे जाऊन बैलांकडे तोंड करून उभे राहिले तेव्हा कुठं तिनं आवाज काढला, आणि मग काढला तो थांबेचना. ती ही कॅसेट. मी बुरशी पुसली, तुटलेली फीत दोन ठिकाणी जोडली आणि एकवीसही गाणी कॉम्प्युटरमध्ये घेतली. आवाज आहे ताई. थोडी खरखर आहे, पण आवाज आहे.

आणि त्या कॉम्प्युटरनं काकूच्या एकवीस गाण्यांसमोर काय लिहावं? ‘अनोळखी कलाकार’. एकवीस वेळा. जिच्या हातची अंबाडीची भाजी खाऊन मी मोठा झालो ती अनोळखी! माझं डोकंच फिरलं. आसिमनं (मलिकाचा भाऊ, वणीला कॉम्प्युटर दुरुस्त करतो आणि माणसंही दुरुस्त करू पाहतो) समजावलं की दोष कॉम्प्युटरचा नाही. गाण्याच्या फायलीच्या पोटात एक लहानसा कप्पा असतो, त्यात गाण्याचं नाव, गाणाऱ्याचं नाव, साल असं भरायचं असतं. त्याला टॅग म्हणतात. ते भरायचं सॉफ्टवेअर वेगळं मिळतं. नाव भरलं नाही तर गाणं हजार गाण्यांत हरवून जातं. त्याच वेळी मी ठरवलं की काकूचं नाव भरूनच ही गाणी तुला पाठवायची. एवढंच काम होतं. पंधरा मिनिटांचं, असं आसिम म्हणाला. त्याला आज पाच आठवडे झाले.

आसिम लिनक्सवाला आहे. लिनक्स म्हणजे कॉम्प्युटर चालवणारी प्रणाली, फुकट मिळते, व्हायरस लागत नाही, आणि माझ्या म्हाताऱ्या कॉम्प्युटरवरही चालते. पण ती एक नाही. उबंटू आहे, फेडोरा आहे, डेबियन आहे, आणखी शंभर आहेत. कृषी केंद्रात बियाण्याची पाकिटं लटकलेली असतात ना, आत सरकी तीच आणि वर चित्रं वेगळी, आणि जो तो आपल्याच पाकिटाची शपथ घेतो, तसं. आसिम शेतकऱ्याच्याच घरी जन्मायचा, चुकून आमच्यात आला. त्यालाही दर हंगामाला वाण बदलावासा वाटतो.

पहिला पेरा उबंटूचा. आसिमनं प्रणाली बसवली, टॅगच्या सॉफ्टवेअरसाठी कोणती आज्ञा टाइप करायची ते कागदावर लिहून दिलं आणि वणीची बस पकडली. मी आज्ञा टाइप केली. कॉम्प्युटरनं पासवर्ड मागितला. मी टाइप करतो, पण पडद्यावर काहीच उमटत नाही. ठिपका नाही, फुली नाही. (लिनक्समध्ये पासवर्ड दिसतच नाही, ही गोष्ट कोणी मला सांगितली नव्हती. ज्याला सांगायची होती तो तेव्हा बसमध्ये झोपला होता.) मी मेकॅनिक माणूस. बटण दाबून काही होत नसेल तर बटण खराब. मी कीबोर्ड खोलला, सगळी बटणं काढली, थिनरनं धुतली, उन्हात वाळवली. परत बसवताना माझ्या लक्षात आलं की आधीच्या माणसानं ती अगदी वेडीवाकडी लावली होती, क्यू नंतर डब्ल्यू, मग ई, काही ताळमेळ नाही. मी ती ए, बी, सी, डी अशी नीट क्रमानं बसवली. काम इतकं सुंदर झालं की मलिकाला बोलावून दाखवलं. त्यानंतर तीन दिवस पासवर्ड चुकतोय असं कॉम्प्युटर सांगत होता आणि मी त्याला खोटारडा म्हणत होतो.

रविवारी आसिम आला, कीबोर्ड पाहिला आणि जमिनीवर बसून हसला. त्याचं हसणं ओसरल्यावर बटणं लावली, आज्ञा टाकली, सॉफ्टवेअर उतरू लागलं. (इंटरनेटचा तो बोटाएवढा तुकडा फक्त गच्चीवर टाकीजवळ चालतो, म्हणून कॉम्प्युटर, मी, आसिम आणि मलिकाचा गुडघा असे सगळे गच्चीवर होतो.) सत्त्याण्णव टक्के झालं आणि भारनियमन. लाइट आल्यावर कॉम्प्युटर म्हणे, आत कोणीतरी कुलूप लावून बसलंय. मी म्हणालो, हे कुलूप खोलू. आसिम म्हणाला, भाईजान, खोलता येईल, पण त्यापेक्षा फेडोरा टाकू. झाला वाण बदलून.

मी दरम्यान हुशारी केली होती. उबंटूची आज्ञा चुकू नये म्हणून ती दुकानाच्या भिंतीवर ऑइलपेंटनं लिहून काढली होती, देवनागरीत, ठळक. फेडोरात ती मी तीस वेळा टाकली. फेडोरा म्हणे, असली आज्ञा मला माहीत नाही. कारण फेडोराची आज्ञा वेगळी असते. हे फोनवर कळल्यावर मी भिंत खरवडली आणि नवी आज्ञा लिहिली. ती वाळेपर्यंत अक्षतांच्या दाण्यांनी पंखा अडला, कॉम्प्युटर तापून बंद पडला, आणि आसिमनं तोवर डेबियनची सीडी धाडली. भिंतीची आता मी दोनदा सफाई केली आहे. गिऱ्हाइकं विचारतात, मंत्र व्हय काय? मी हाव म्हणतो.

डेबियन मलिकानं बसवलं. मी चहा प्यायला गेलो होतो. तिनं आसिमला फोन लावला, तो जे म्हणाला तेच केलं आणि जे नाही म्हणाला ते केलं नाही. अर्ध्या तासात सॉफ्टवेअर उघडून समोर. यावर मी काही बोलणार नाही.

पण एक चूक माझ्यासाठी शिल्लक होती. त्या सॉफ्टवेअरमध्ये असं एक बटण आहे की ते गाणं स्वतः ऐकतं, इंटरनेटवर चौकशी करतं आणि नाव भरून टाकतं. मी म्हटलं, पाहू तर खरं, काकूची कीर्ती कुठवर गेली. त्यानं विचार केला आणि काकूची भुलाबाई कुठल्या परदेशी दाढीवाल्याच्या नावावर करून टाकली. फोटोसकट! बकरी घेऊन उभा होता. मी घाईत जतन करा दाबलं. एकवीसच्या एकवीस गाणी दाढीवाल्याची. मूळ प्रती मलिकानं न विचारता वेगळ्या ठेवल्या होत्या म्हणून वाचलो. (यावरही मी काही बोलणार नाही.)

मग ठरलं, हातानं भरायचं. गाणं: भुलाबाईचं. साल: १९८३. कलाकार: इथं मी थांबलो. आधी लिहिलं, विमलची माय. मलिका म्हणाली, हे काही नाव नाही, हे नातं आहे. मग लिहिलं इंदुबाई मारोतराव. ती म्हणाली, यातलं अर्धं तर काकांचंच आहे, गाणी गायली कोणी? मला राग आला. सदतीस वर्षांत मी काकूला काकूशिवाय दुसरं काही म्हटलेलं नाही. तेव्हा गाणी मोबाइलमध्ये भरली आणि गाडी काढून केळापूरला गेलो, तिलाच विचारायला.

काकू आंगणात तुरीच्या शेंगा सोलत होती. वाळली आहे थोडी, पण खणखणीत आहे. मी म्हटलं, काकू, कॉम्प्युटरात घालायचं आहे, तुझं नाव सांग. तिनं पदर सावरला आणि थेट उखाणा घेतला: “पांढऱ्या कापसाची वळली वात, मारोतरावाचं नाव घेते, जफर बसला दारात.” नवऱ्याचं नाव घ्यायला बायांकडे शंभर उखाणे आहेत ताई, आणि स्वतःचं नाव घ्यायला एकही नाही. हे माझ्या ध्यानात त्या दिवशी आलं.

मी म्हटलं, ते राहू दे, आधी ऐक. पहिलं गाणं लावलं. तिनं मान डोलावली. म्हणाली, “कोण बाई व्हय हे? बेस म्हणते.” स्वतःचा आवाज तिनं ओळखलाच नाही. मी सांगितलं तर म्हणे, “काहून थट्टा करून राह्यला?” दहा गाणी अशीच गेली, ती शेंगा सोलते आणि त्या बाईची तारीफ करते. अकरावं गाणं लागलं. त्यात मध्येच काकू एक ओळ चुकते, आणि माइकच्या अगदी जवळून एक पोट्टी ओरडते, “माय, तू चुकून राह्यली!” आणि उरलेलं गाणं तीच ठसक्यात म्हणून टाकते. मागून काकूचं हसू. ताई, काकूच्या हातातली शेंग तशीच राहिली. म्हणाली, “इमली व्हय हे. माही इमली.” स्वतःचा आवाज दहा गाण्यांत ओळखला नाही, तुझा चार शब्दांत ओळखला. मला रडू आलं. मी स्कूटरचा प्लग सैल झाल्याचं निमित्त करून बाहेर जाऊन आलो. परत आलो तर म्हणे, पुन्हा लाव. सात वेळा लावलं. बाकीची वीस तिला नकोच होती.

मग तिनं आपणहून नाव सांगितलं. हंसा. इंदू हे लग्नात ठेवलेलं, कारण सासरी नणंद आधीच हंसा होती आणि एका घरात दोन हंसा कशा चालणार? बेचाळीस वर्षांत त्या नावानं तिला कोणी हाक मारलेली नाही. हे तुला तरी माहीत होतं का? मी विचारलं, कोणतं लावू? ती म्हणाली, “गाणे मी माहेराहून आणले. त्याईले नाव बी माहेरचंच लाव.” तसं लावलं आहे. वीस गाण्यांसमोर, कलाकार: हंसा.

सोबतच्या डबीत मेमरी कार्ड आहे. नखाएवढं आहे, भाऊजींना औषधाची गोळी समजून देऊ नकोस. सगळ्यांना जसा ज्याचा मान तसा सलाम-नमस्कार, आणि माझ्या चुका पोटात घाल. त्यासाठी सॉफ्टवेअर लागत नाही.

तुझा धाकटा भाऊ,
जफर

ता. क. मलिका वाचून म्हणते की मोबाइलवर गाणं वाजताना नुसता नंबर दिसतो, पोटातलं नाव दिसतच नाही, आणि नाव न भरताही गाणी वाजली असतीच. तेव्हा वरच्या पाच आठवड्यांचा हिशेब तू मनावर घेऊ नकोस.

ता. क. दोन. काकूनं मला बजावलं होतं की विमलला यातलं काही लिहायचं नाही. तेव्हा तुला काही माहीत नाही असं समज.

ता. क. तीन. वीस गाणी झाली, अकरावं राहिलं आहे. त्यात गाणाऱ्या दोघी, म्हणून दोन नावं लागतात. एक हंसा. दुसरं मी काय लावू? पाकिटावर तर मी तुझं सासरचं सुलभा लिहितो, नाहीतर तुमचा पोस्टमन पत्र परत पाठवतो. निघताना काकूलाच विचारलं. गाडीला किक मारेपर्यंत ती शेंगा सोलत राहिली. मग फाटकापर्यंत आली आणि म्हणाली, “मी काय सांगू बाप्पा? तिचं नाव, तिले इचार.” आणि मी वळणावर पोचलो तेव्हा मागून ओरडली, “चिठ्ठीत नको म्हणा! इथं येऊन सांग म्हणा तिले!”